तेल डावीकडे पळतं

रिव्हेट काढायचा असेल तर त्याला उपटत बसायचं नाही. छिन्नी आडवी धरायची, वरून एक टोला द्यायचा, डोकं उडतं. उरलेलं धड मागून ढकललं की निमूट बाहेर येतं.

*

भांड्यांच्या दुकानात दोन बहिणी. एकीने पॅन दांड्याला धरून उचलला, मनगटाला किती जड लागतो ते पाहिलं, मग फरशीवर ठेवून कडेला बोटाने दाबला. डुगडुगला. तिने तो बाजूला सारला आणि दुसरा उचलला. हा जरा जाड होता, फरशीवर मांजरासारखा बसला. "हा," ती म्हणाली.

"नॉनस्टिक घ्या की," दुकानदार म्हणाला. "हे कार्बन स्टील म्हणजे नसती कटकट. आधी मेण काढा, मग तेल चढवा, मग जन्मभर त्याचे लाड करा."

"माणसांपेक्षा बरं. लाड केलेले लक्षात तरी ठेवतं."

*

आंबट काहीही त्यात शिजवायचं नाही. टोमॅटो नाही, लिंबू नाही. व्हिनेगरचं तर नावही काढायचं नाही.

*

"मावशी, आईचं काही आहे का तुमच्याकडे?"

"काय असणार?"

"काहीही. एखादा चमचा. पातेलं."

"तिच्याकडे होतंच काय तुझ्याशिवाय? आणि तू तर आलीसच माझ्या गळ्यात."

*

रिकामा पॅन मोठ्या आचेवर विसरला की त्याचा तळ वाकतो. एकदा वाकला की वाकला. मग पॅन बदलत नाही, माणसाचं मनगट बदलतं.

*

सगळं स्वयंपाकघर तिला मावशी म्हणायचं. भाज्या चिरणारा चिरण्या म्हणायचा, मोरीवर भांडी घासणारी जाडी म्हणायची, बाहेर ट्रे नेणारी पोरंसुद्धा म्हणायची. खरी भाची मात्र एकच होती, आणि तिलाच ते म्हणायची बंदी होती. पहिल्याच दिवशी मावशीने तिला दाराशी गाठून सांगितलं होतं, "घरी काय म्हणायचं ते म्हण. इथे मी तुझी कुणी नाही. इथे बाई म्हणायचं."

हॉटेल मोठं नव्हतं, पण नाश्त्याला गर्दी असायची. जेवणाच्या हॉलच्या एका टोकाला अंड्यांचा काउंटर होता. काच, काचेमागे शेगडी, शेगडीमागे मावशी. पाहुणे ताटली घेऊन रांगेत उभे राहायचे आणि ती पॅनला एक हिसका द्यायची, अंडं पॅनमधून असं सटकून ताटलीत यायचं की लहान मुलं "पुन्हा! पुन्हा!" म्हणायची. उलथनं तिने कधी हातात धरलं नाही. उलथनं ज्यांना लागतं त्यांनी भाजी करावी, असं ती म्हणायची. तिच्या आधी त्या काउंटरवर कोण उभं राहायचं ते आता कुणाला आठवत नव्हतं. जुनी माणसं गेली होती, जुना मालकही गेला होता.

इथला एक रिवाज होता. ज्याचा त्याचा पॅन ज्याच्या त्याच्या हुकावर. दुसऱ्याच्या पॅनला हात लावायचा नाही, बाजूला करायलासुद्धा नाही. नव्या माणसाला कोरा, राखाडी पॅन मिळायचा. त्याने तो मुरवायचा, म्हणजे तेलाचे थर भाजून काळा करायचा. त्यात साधं अंडं न चिकटता सटकलं की मग त्याला शेगडी. तोवर सोलणं, पुसणं, टोपल्या उचलणं. सगळे पॅन एकाच दुकानातले, एकाच मापाचे. ओळखायचे ते दांड्यावरून. मावशीच्या दांड्याला अंगठ्याच्या जागी खळगा पडला होता, इतकी वर्षं तो हातात राहिलेला. "डोळे बांधून द्या," ती म्हणायची, "अंगठा बसला की कळतं माझा आहे ते."

तिच्या पॅनची आणखी एक खूण होती आणि तिच्यावर सगळे विनोद करायचे. त्याचा तळ कधीकाळी वाकला होता. शेगडीवर सपाट ठेवला की तेल मधे थांबायचं नाही, डावीकडे धावायचं. मावशी त्याला मनगटाने उजवीकडे जरासा कलता धरायची, म्हणजे तेल जागेवर राहायचं. आता ते तिचं तिलाही कळत नसे. "मावशीच्या पॅनमध्ये तेल डावीकडे पळतं," चिरण्या म्हणायचा, "आणि मावशी समोर आली की आम्ही उजवीकडे."

भाचीला पॅन मिळाला. तिने तो कढत पाण्याने घासून त्यावरचं मेण काढलं, आचेवर खडखडीत वाळवला. मग फडक्याच्या टोकाला तेल घेऊन पुसला, आणि तेल चुकून लागलं असावं अशा घाईने पुन्हा कोरड्या फडक्याने काढून टाकलं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बहुतेक जण इथेच फसतात. सैल हाताने तेल ओततात आणि पॅनवर गुळासारखी चिकट पुटं बसतात. हिने पॅन पालथा घालून ओव्हनमध्ये ठेवला, काढला, पुन्हा पुसला, पुन्हा ठेवला. राखाडीचा पिवळट झाला, पिवळटाचा चहासारखा, चहाचा काळा.

मावशी लांबून बघत होती. असं पुसताना तिने एकाच माणसाला पाहिलं होतं, आपल्या धाकट्या बहिणीला. धाकटी जाऊन आता बरीच वर्षं झाली होती, आणि मावशीला ती मेलेली परवडत होती.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मावशीने भाचीच्या पॅनमध्ये व्हिनेगर ओतलं आणि शेगडी पेटवली.

दुसऱ्या दिवशी भाचीने हुकावरून पॅन काढला तर तो आजाऱ्याच्या जिभेसारखा पांढुरका. तरी तिने अंडं फोडून टाकलं. ते असं चिकटलं की खरवडताना त्याचा चुरा झाला, चुऱ्याचा धूर झाला.

"साबणाने घासला असशील," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

"नाही, बाई."

"मग टोमॅटो केला असशील."

"नाही."

"मग पॅनलाच तू आवडली नसशील."

चिरण्या खो खो हसला. त्या दिवसापासून भाचीचं नाव पडलं करपी. तिने पुन्हा पॅन मुरवला. पुन्हा तो काळा झाला, पुन्हा एका सकाळी पांढरा झाला. आता जाडीसुद्धा हसली, आणि जाडी सहसा कुणाला हसत नसे, कारण तिला सगळे हसायचे.

तेवढ्यात नवे मालक आले. गोरेगोमटे, कुणाशीही बोलताना घड्याळाकडे बघणारे. त्यांना काचेमागचं सगळं चकचकीत हवं होतं. "पाहुण्यांना काय दिसतं? पॅनचं बूड! आणि ते कसं, तर चुलीतून काढलेलं!" त्यांनी पॉलिशचं मशीन आणवून सगळ्या पॅनची बाहेरची बाजू घासून घेतली. वर्षानुवर्षांची काजळी उडाली. आतून काळे, बाहेरून चांदीचे, सगळे पॅन जुळ्या भावंडांसारखे दिसायला लागले. मावशी आता हुकावरून पॅन काढताना आधी अंगठा बसवून बघायची.

मग मालकांनी दुसरा बाण काढला.

"मावशी, तुमचं वय झालं असं मी म्हणत नाही."

"मग म्हणू नका."

"पण काचेमागे तरुण चेहरा असला तर बरं दिसतं. ही तुमची भाची आहे ना? हिला बघू. सुट्टीनंतर सकाळी दोघींनी माझ्यासमोर एकेक अंडं करायचं. जिचं सटकेल तिचा काउंटर. दोघींचं सटकलं तर हिचा. जिचं चिकटेल तिला मोरी, नाहीतर घर."

घर म्हटल्यावर करपीचा चेहरा उतरला. घर म्हणजे सावत्र बाप आणि त्याचं भांडी दुरुस्तीचं दुकान. अजून दर सुट्टीला तिला तिथे जावं लागायचं. त्याच्या हाताखाली ती छिन्नी आणि हातोडा धरत मोठी झाली होती. तिथे आणखी काय सोसलं ते तिने मावशीला एकदा सांगितलं होतं. मावशी म्हणाली होती, "बायकांनी असल्या गोष्टी बोलू नयेत." त्यानंतर ती बोलली नव्हती.

करपीचा पॅन तिसऱ्यांदा काळा झाला होता. सुट्टीच्या आदल्या दिवशी तिने त्यात अंडं टाकून पाहिलं. ते कडेकडेने घसरत गोल फिरलं. चिरण्याने शीळ घातली. मावशीने नाक मुरडलं आणि त्या पॅनला मुद्दामच हात लावला नाही. एवढी घाई कशाला? सुट्टीचा दिवस होता की मधे.

सुट्टीच्या दिवशी, उन्हं उतरायला लागली तशी ती मागच्या दाराने आत शिरली. स्वयंपाकघर रिकामं, ओटे पुसलेले, हुकांवर ओळीने पॅन. तिने करपीचा दांडा ओळखला. नवा, खळगा नसलेला. पॅन काढला, काठोकाठ व्हिनेगर भरलं, शेगडी मोठी केली, पंखा लावला.

उकळी आली. नेहमी एका उकळीत पापुद्रे सुटायचे. या वेळी काही सुटेना. तिने तारेची घासणी घेऊन रगडलं. वरचा थर गेला, खाली दुसरा काळा. पुन्हा व्हिनेगर, पुन्हा उकळी. खाली आणखी काळा. डोळ्यांत वाफ जाऊन पाणी यायला लागलं. खांदा भरून आला. "केव्हा मुरवलं गं एवढं, भवाने?" ती पॅनलाच विचारत होती.

शेवटी सगळ्यात तळाशी एक थर लागला. पातळ, एकसारखा, काळपट निळा, कुठे ओघळ नाही, कुठे डाग नाही. चुकून लागलेलं तेल पुसावं तसा पुसलेला. मावशीची घासणी थांबली. हा तर धाकटीचा हात. पोरीच्या हातात आई उतरते म्हणतात ती अशी, तिला वाटलं.

मग तिने दात खाऊन तोही घासून काढला.

राखाडी पॅन धुतला, वाळवला, गंज चढू नये म्हणून तेलाचा हात फिरवला आणि जागेवर टांगला. जाता जाता स्वतःच्या हुकाशी थांबून दांड्यावर अंगठा ठेवला. खळग्यात बरोबर बसला. घरी जाऊन ती लहान मुलासारखी झोपली.

सकाळी मालक घड्याळाकडे बघत उभे राहिले. बाकीचे भिंतीला पाठ लावून.

"आधी तू," मालक करपीला म्हणाले.

करपीने हुकावरून पॅन घेतला. आतून राखाडी. भिंतीशी कुणीतरी "अरेरे" म्हणालं, पण त्यात दुःख नव्हतं. तिने पॅन तापवला, तो हातात किंचित कलता धरून तेल टाकलं, अंडं फोडलं. चर्र झालं आणि अंडं जागच्या जागी गोंदासारखं बसलं. तिने हिसका दिला. अंडं हललं नाही.

"करपीने नाव राखलं," चिरण्या म्हणाला.

"साबणाने घासला असशील," मावशी म्हणाली. तिला हे म्हणायचा कंटाळा येत नव्हता.

करपी बाजूला झाली. मावशी पुढे आली, अंगठा खळग्यात बसवला, पॅन शेगडीवर धरला. तेल टाकलं.

तेल उजवीकडे पळालं.

तिच्या मनगटाने पॅन नेहमीसारखा कलता धरला होता, आणि हा पॅन तसा धरायचं काही कारण नव्हतं. त्याचा तळ सपाट होता. मावशीने मनगट सरळ केलं. तेल मधे आलं आणि शहाण्यासारखं थांबलं. हा अंगठा तिचा होता, हा दांडा तिचा होता, हा पॅन तिचा नव्हता. मग काल आपण काय घासलं? तिने वर पाहिलं. करपी तिच्याकडेच बघत होती, शिकाऊ मुलीने बघावं तसं, अगदी लक्ष देऊन.

मागे फिरायची सोय नव्हती. मावशीने अंडं फोडलं. अंडं सटकलं, फिरलं, ताटलीत येऊन बसलं. टाळ्या पडल्या.

"याला म्हणतात पॅन!" मालक म्हणाले. "झालं तर मग."

"मालक," करपी म्हणाली, "माझा पॅन खराब आहे, हात नाही. बाईंच्या पॅनमध्ये मला एकच अंडं करू द्या. आणि बाईंनी माझ्यात करावं. एवढा मुरलेला हात आहे, त्यांना काय फरक पडतो?"

"माझ्या पॅनला कुणी हात लावायचा नाही!" मावशी किंचाळली.

"मावशी, इथे टांगलेलं सगळं हॉटेलचं," मालक म्हणाले. त्यांना आता मजा यायला लागली होती. "द्या तिला."

करपीचं अंडं सटकलं. इतकं अलगद सटकलं की सगळे टाळी वाजवायला विसरले. मग तिने राखाडी पॅन खरवडून, पुसून मावशीच्या हातात दिला. मावशीने तो शेगडीवर धरला, कलता, जसा आयुष्यभर धरला तसा. तेल मधे राहिलं. कदाचित एवढ्यावर निभावेल, तिला वाटलं. अंडं चिकटेल, चिकटू दे, पॅन पोरीचाच आहे ना सगळ्यांच्या लेखी.

"सपाट ठेवा ना, बाई," करपी गोड आवाजात म्हणाली. "शेगडीवर टेकवा. मला असंच शिकवलंत तुम्ही."

मालकांनी मान डोलावली. मावशीने पॅन टेकवला.

तेल डावीकडे पळालं.

"अरे," चिरण्या म्हणाला, "हा तर मावशीचा..." आणि त्याने तोंडावर हात ठेवला. पण सगळ्यांनी ते पाहिलं होतं. तापलेल्या पॅनमधून व्हिनेगरचा वास वर येत होता, आंबट, झोंबणारा. जाडीने नाक उडवलं. एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेलेला मावशीला दिसत होता: करपीचा पुन्हा पुन्हा पांढरा पडणारा पॅन, संध्याकाळी सगळ्यात शेवटी निघणारी मावशी, साबणाने घासला असशील.

"दांडे बदललेस?" ती पुटपुटली.

"काल सकाळी. आमच्या दुकानात दुसरं काय शिकवतात? रिव्हेट नवे दिसू नयेत म्हणून काजळी लावली. पण त्यांच्याकडे कोण बघतं? तुम्ही अंगठ्यानेच बघता." मग करपीने आवाज चढवला, आणि पहिल्यांदाच सगळ्यांसमोर तिने तो शब्द वापरला. "पहिल्या वेळी वाटलं माझंच चुकलं. दुसऱ्या वेळी वास आला. आता सांगा ना, साबणाने घासलात का, मावशी?"

भिंतीशी हशा फुटला. या हशात आणि करपीवरच्या हशात काडीचाही फरक नव्हता; तीच माणसं, तेच दात. मालकसुद्धा हसले.

"कमाल आहात दोघी! एकमेकींचे पॅन घासता, आणि नाश्त्याला उशीर होतो माझा." ते घड्याळाकडे बघत निघाले. "काउंटर हिचा. मावशी, मोरी. नाहीतर तुम्हाला माहीत आहे."

मावशीने मोरी घेतली. घरी तिची वाट बघणारं कुणी नव्हतं, आणि लोकांपुढे निघून जाणं म्हणजे सगळं कबूल केल्यासारखं झालं असतं. जाडीने तिला एप्रन दिला आणि म्हणाली, "ओला राहतो हा. सवय होईल." मग जाडीही हसली.

करपी काउंटरवर उभी राहू लागली. आता तिला कुणी करपी म्हणत नसे. तिने आपल्या पॅनला नवा दांडा परत बसवून घेतला. खळगा पडलेला दांडा पुन्हा राखाडी पॅनला ठोकला आणि तो घेऊन ती मोरीशी आली.

"मावशी, तुमचा पॅन. मुरवणार का पुन्हा?"

"मुरवेन."

"कशाला? तुम्हाला कुठे शेगडी आहे?" तिने वाकून पॅन मोरीखाली, गळक्या नळाच्या थेंबाखाली ठेवला. "इथे पाणी साठतं ना रोज. हा धरेल. कुणी हलवायचा नाही, मी येता जाता बघणार आहे."

ती खरंच बघायची. दुसऱ्या दिवशी पॅनला नारिंगी ठिपके आले. मग ठिपक्यांचे डाग झाले, डागांची खपली झाली. खपली निघून पाण्यात विटकरी गाळ बसायचा. काउंटरवरून येताना पोरगी मुद्दाम तिथे थांबायची, बुटाच्या टोकाने पॅन जरासा हलवायची आणि समाधानाने निघून जायची. मावशी हातांवरचा फेस निथळत तिच्याकडे बघायची.

मावशीकडे एक वाक्य होतं. फार लहान, एका श्वासात बोलून होईल एवढं. त्या सकाळी हशा चालू असतानाच ते तिच्या जिभेवर आलं होतं. तिने गिळलं. दया म्हणून नाही. गंजलेला पॅन घासून पुन्हा मुरवता येतो. आज सांगितलं तर ही पोरगी पॅन उराशी धरून रडेल, घासेल, तेल चढवेल आणि वाचवेल. पोलाद असं लवकर मरत नाही. गंज तळ खाऊन आरपार जायला हवा, बोट घातलं तर पलीकडे निघायला हवं. आणि लाथ मारायला तोवर ती रोज आलेली असावी.

म्हणून मावशी नळ दुरुस्त करायला कुणाला बोलावत नाही. उलट, जाडीचं लक्ष नसताना ती तोटी आणखी जराशी सैल करते.

तो पॅन त्या दुकानात धाकटीने घेतला होता. मोठी त्या दिवशी फक्त पिशवी धरायला सोबत गेली होती.